आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा आणि अमेरिकेतील आयरिश स्थलांतरित

१८४५ ते १८५२ या काळातील बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधील सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले आणि त्याहून अधिक देशोधडीला लागले. अमेरिकेत पोहोचलेल्या आयरिश समाजाने या आपत्तीचा दोष ब्रिटिश राजवटीस दिला. परिणामी न्यूयॉर्क हे आयरिश क्रांतिकारकांचे दुसरे केंद्र बनले. १८५८ मध्ये तेथे फेनियन ब्रदरहूड आणि १८६७ मध्ये क्लॅन ना गेल या संघटना स्थापन झाल्या. क्लॅन ना गेलने पाठविलेल्या ‘कॅटाल्पा’ या जहाजाने १८७६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातून सहा फेनियन कैद्यांची सुटका केली. १९१६ च्या ईस्टर उठावाच्या जाहीरनाम्यातही अमेरिकेतील देशबांधवांच्या साहाय्याचा उल्लेख आढळतो.

या साहाय्याचे गौरवपूर्ण वर्णन नेहमीच केले जाते. परंतु द्रव्य पुरविणाऱ्यांना लढ्याची दिशा ठरविण्याचा अधिकार कितपत, हा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. जून १९१९ मध्ये एमन डी व्हॅलेरा अमेरिकेत आले, तेव्हा तो ऐरणीवर आला. त्यांचा जन्म न्यूयॉर्कचाच. तरीही जॉन डिव्हॉय व न्यायमूर्ती डॅनियल कोहॅलन या तेथील जुन्या पुढाऱ्यांशी त्यांचे जमले नाही. फेब्रुवारी १९२० मध्ये डी व्हॅलेरा यांनी क्यूबाचा दाखला देऊन ब्रिटनच्या सुरक्षिततेची हमी देण्याची तयारी दर्शविली, तेव्हा डिव्हॉय यांनी आपल्या ‘गेलिक अमेरिकन’ पत्रातून त्यांच्यावर कडाडून टीका केली. (त्याच महिन्यात डी व्हॅलेरा न्यूयॉर्क येथे ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’च्या व्यासपीठावरून भारत आणि आयर्लंड या विषयावर बोलले, हे भारतीय अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) जूनमध्ये शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनापुढे दोन्ही गटांनी परस्परविरोधी मसुदे मांडले, त्यांपैकी एकही स्वीकारला गेला नाही. नोव्हेंबरमध्ये डी व्हॅलेरा यांनी स्वतंत्र संघटनाच उभारली. अमेरिकन सरकारची मान्यता अखेर मिळाली नाहीच.

कर्जरोख्यांतून मात्र पन्नास लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. तिचा मोठा भाग अमेरिकन बँकांतच पडून राहिला. यादवी युद्धानंतर फ्री स्टेट सरकार आणि डी व्हॅलेरा या दोघांनीही त्यावर हक्क सांगितला. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोघांचेही दावे फेटाळून ती रक्कम रोखेधारकांना परत करण्याचा निर्णय दिला. तथापि अनेक रोखेधारकांनी आपले हक्क डी व्हॅलेरा यांच्या नावे करून दिले, आणि त्यातून १९३१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरिश प्रेस’ या दैनिकास भांडवल मिळाले.