दूरच्या सुरांचे घर : लुइझियाना आणि झाडीपट्टी

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत म्हणजे ऊर्जानगर. 1980च्या दशकात केंद्राचे संच एकेक करून सुरू झाले आणि महाराष्ट्राच्या नाना भागांतून माणसे नोकरीसाठी इथे आली. अशा वसाहतीत नव्या माणसाला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'मूळ गाव कोणते?' उत्तर मिळाले, की माणूस कळला असे आपण धरून चालतो. त्याची तीस वर्षे इथे गेली, मुले इथे वाढली, हे त्या उत्तरात येत नाही.

हाच प्रश्न आपण कलेलाही विचारतो. ऊर्जानगरहून ईशान्येला मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी अशी वाट धरून वैनगंगा ओलांडली, की देसाईगंज-वडसा लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या झाडीपट्टी रंगभूमीचे हे मुख्य केंद्र. दिवाळीनंतर गावोगाव मांडव पडतात आणि रात्र-रात्र गाण्यांची नाटके चालतात. नागर समीक्षेने या रंगभूमीची दखल घेतली, तेव्हा बहुधा एकाच चौकटीत घेतली : पुण्या-मुंबईकडच्या संगीत नाटकाची ही दूर जाऊन पडलेली सावली. ही चौकट तपासावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आधी एका दूरच्या संगीताचा इतिहास पाहणे उपयोगी ठरेल. कारण दोन्हीकडे 'मूळ' आणि 'दूर' यांचा हिशेब सारखाच चुकलेला आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपीच्या मुखाकडचा दलदलीचा आणि भातशेतीचा प्रदेश म्हणजे लुइझियाना. तिथल्या फ्रेंचभाषक गोऱ्या शेतकऱ्यांचे संगीत ते केजन आणि फ्रेंचभाषक कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचे ते झायडेको. आज युरोपातल्या एखाद्या शहरात हौशी वाद्यवृंद हे संगीत वाजवू लागला, की जाणकार विचारतात, 'मुळापासून इतक्या दूर त्यात जीव कसा राहील?' पण ते मूळ तरी कुठले? केजनांचे पूर्वज फ्रान्समधून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकेडिया प्रांतात गेले. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकून लावले आणि त्यांतले बरेच जण पुढे लुइझियानात आले. क्रिओलांच्या पूर्वजांपैकी अनेकांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते. आणि या दोघांच्या संगीताचा आत्मा मानले जाणारे अ‍ॅकॉर्डियन तर एकोणिसाव्या शतकात जर्मन कारखान्यांतून आले. म्हणजे ज्याला आपण उगमस्थान म्हणतो, तिथे आधीच सगळे काही दुरून आलेले होते.

मग अ‍ॅकॉर्डियनच का रुजले? उत्तर साधे आहे. वीज नसलेल्या, नाचणाऱ्यांच्या गलक्याने भरलेल्या लाकडी घरात व्हायोलिनचा आवाज बुडून जाई. अ‍ॅकॉर्डियनचा बुडत नसे. पण या सोयीची किंमतही होती. दहा बटणांच्या त्या वाद्यात भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा. मोजकेच सूर हाती लागत. जुन्या चाली त्या मापात बसवाव्या लागल्या आणि व्हायोलिनवाल्यांनी आपल्या तारा उतरवून त्याच्याशी जुळवून घेतल्या. बाहेरच्या वाद्याने संगीत बदलले आणि बदललेले संगीतच पुढे 'अस्सल' ठरले.

1928 साली जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांनी केजन संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका केली. पुढच्याच वर्षी अमेदे आर्दवां हा कृष्णवर्णीय वादक आणि डेनिस मॅगी हा गोरा व्हायोलिनवादक यांनी एकत्र मुद्रण केले. आर्दवांच्या अ‍ॅकॉर्डियनवर आजचे केजन आणि झायडेको दोन्ही उभे आहेत, याबद्दल अभ्यासकांत फारसे दुमत नाही. या माणसाचा शेवट मात्र 1942 साली मनोरुग्णालयात झाला. नाचाच्या कार्यक्रमात घाम पुसायला एका गोऱ्या स्त्रीने दिलेला रुमाल त्याने घेतला, म्हणून त्याला अमानुष मारहाण झाली आणि त्यातून तो सावरला नाही, असे तिकडे सांगतात. वाद्याला परके मानले गेले नाही. ते वाजवणाऱ्याला मानले गेले. कलेतल्या 'मूळ'-'परक्या'च्या चर्चेत ही गोष्ट नेहमी लपून राहते.

आता आपल्याकडे वळू. अ‍ॅकॉर्डियनमध्ये आणि आपल्या पेटीमध्ये नाद निर्माण करणारी गोष्ट एकच आहे : हवेच्या झोताने थरथरणारी धातूची पातळ पट्टी. या तत्त्वावरचे हार्मोनियम 1840च्या सुमारास पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ याने घडवले. ते पायाने चालवायचे होते. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी 1875च्या सुमारास त्याला हाताचा भाता दिला आणि वाद्य खुर्चीवरून बैठकीवर उतरले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत पेटी नाटक मंडळ्यांचा आधारच बनली. 1911 सालच्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामवंत पेटीवादक होते. पुढे गंधर्व नाटक मंडळीत पायाने चालवायच्या ऑर्गनने मानाची जागा घेतली.

या वाद्यावरचे आक्षेपही आपल्याला परिचित आहेत. पेटीत मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, ती परकी आहे. आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके राहिली. आक्षेप सगळेच खोटे नव्हते. पण ज्या नाटकगृहात ध्वनिक्षेपक नव्हता, तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आणि गायकाला सुरात धरून ठेवणारा आधार हवा होता. लुइझियानातल्या लाकडी घराची गरज आणि इथल्या नाटकगृहाची गरज यांत तत्त्वतः फरक नाही.

1932 साली मराठी बोलपट आला आणि मोठ्या शहरांतल्या संगीत नाटकाचे दिवस पालटले. आपले वाङ्मयेतिहास इथे एक प्रकरण संपवतात आणि 1960च्या दशकातल्या पुनरुज्जीवनापाशी पुढचे उघडतात. मधल्या काळात रात्रभर गाण्यांचे नाटक पाहणारा प्रेक्षक कुठे होता, असा प्रश्न ते क्वचितच विचारतात. त्याचे एक उत्तर वैनगंगेच्या काठी आहे.

झाडीपट्टी ही कोरी जागा नव्हती. दंडार आणि खडी गंमत हे इथले स्वतःचे गीत-नृत्य-नाट्याचे प्रकार होतेच. भाताचा हंगाम आटोपला, की मंडई भरे आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होत. पाहुण्यारावळ्यांनी गाव भरून जाई. एवढ्या माणसांची रात्र कशाने भरायची, या गरजेपोटी नाटक इथे उभे राहिले. बाहेरून आलेले संगीत नाटक आणि घरची दंडार यांची इथे गाठ पडली. गद्य संवाद तापत जाऊन गाण्यात उसळणे, गंभीर प्रवेशाला लागूनच विनोदी प्रवेश येणे, प्रेक्षकांनी 'वन्समोअर'चा आग्रह धरणे, या खुणा केवळ पुण्याहून आलेल्या नाहीत. रात्रभर जागणाऱ्या शेतकरी प्रेक्षकाने त्या घडवल्या आहेत. व्हायोलिनवाल्यांनी तारा उतरवल्या, तसे बाहेरून आलेल्या नाटकाने इथे आपला सूर बदलला. याला नक्कल म्हणणे म्हणजे झायडेकोला जर्मन संगीताची नक्कल म्हणण्यासारखे होईल.

या नाटकाची मुळे इथलीच आहेत, याचा पुरावा अलीकडेच मिळाला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या. नाटक ज्या गर्दीच्या आधाराने वाढले, तो आधार काही वर्षे नाहीसा झाला. शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा न्यायालयाने 2023 साली वैध ठरवला. शर्यती नव्हत्या म्हणून नाटकाचे हंगाम मात्र थांबले नाहीत. त्याच 2023 साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

आता नवी तक्रार ऐकू येते : ऑर्गन-तबल्याच्या जागी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, अस्सलपणा गेला. इथेही लुइझियानाचा दाखला पाहावा. 1930च्या दशकात तिथे वीज आणि ध्वनिक्षेपक पोचले, तेव्हा अ‍ॅकॉर्डियन मागे पडून तंतुवाद्यांचे ताफे पुढे आले. 1948 साली आयरी लजूनच्या मुद्रिकेनंतर ते परतले. आणि झायडेकोचा सम्राट क्लिफ्टन शनिए (1925–1987) याने जुने बटणांचे अ‍ॅकॉर्डियन सोडून पियानोसारख्या पट्ट्यांचे घेतले, सोबत विजेची गिटार आणि सॅक्सोफोन आणले, घरातल्या कपडे घासायच्या पत्र्यापासून 1946 साली गळ्यात अडकवायचे तालवाद्य करवून घेतले. आज हेच परंपरेचे रूप मानले जाते. तेव्हा वडशाच्या मंडळ्यांनी ऑर्गन जपावा, हा आग्रह आपण शहरात बसून धरू नये. ऊर्जानगरची वीज वापरणाऱ्याने मांडवात मात्र कंदिलाची अपेक्षा करावी, तसे ते होईल.

पण एक गोष्ट आपण नक्की गमावतो आहोत, आणि ती वाद्यांहून मोठी आहे. लोमॅक्स पितापुत्रांनी 1934 साली लुइझियानात हिंडून गाणी मुद्रित केली; आर्दवांच्या ध्वनिमुद्रिका उरल्या. म्हणून त्या संगीताचा इतिहास लिहिता आला आणि एका अपमानित वादकाचे नाव त्याच्या जागी परत ठेवता आले. झाडीपट्टीच्या बाबतीत संहिता लेखकाच्या किंवा मंडळीच्या पेटाऱ्यात राहतात, चाली वादकाच्या बोटांत राहतात, आणि दोन्ही माणसाबरोबर जातात. नाटककाराचे नाव भित्तिपत्रकावर असते. तीस हंगाम ऑर्गनवर बसलेल्याचे कुठे असते? गडचिरोलीला 2011 साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. मराठीच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी एका हंगामापुरती तरी चालींची मुद्रणे, हस्तलिखितांच्या प्रती आणि वादकांच्या मुलाखती गोळा केल्या, तर मराठी नाट्येतिहासातले ते बंद झालेले प्रकरण पुन्हा उघडावे लागेल.

मूळ गाव कोणते, हा प्रश्न वाईट नाही. त्याच्या उत्तरापाशी थांबणे वाईट. सूर कुठून आला याची नोंद आपण केली आहे. तो इथे कुणी, कशासाठी आणि किती वर्षे वाजवला, याची नोंद अजून व्हायची आहे.