मुलूख मैदान तोफेची मिश्रधातू

विजापूरच्या शेरझा बुरुजावरील ही प्रचंड तोफ अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे १५४९ मध्ये रूमी खान या तुर्की ओतकाराने निजामशाहीसाठी ओतली. १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापुरास नेण्यात आली. तिचे वजन सु. ५५ टन, बाहेरील व्यास सु. १५० सेंमी. व नळीचा व्यास सु. ७० सेंमी. आहे.

तिच्या कास्यात सु. ८०% तांबे व सु. २०% कथील आहे. तोफेच्या धातूत सामान्यतः १०% च्या आसपास कथील असे. २०% हे प्रमाण घंटेचे होय. ही तोफ ठोकल्यास घंटेसारखी घुमते, ती यामुळेच.

तांब्याच्या अणूंना मुक्त इलेक्ट्रॉन एकत्र बांधतात. अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत असल्याने शुद्ध तांबे मऊ असते. कथिलाचे मोठे अणू स्फटिक-जालक विकृत करून ही घसरण अडवितात. कथील याहून वाढल्यास तांब्याचे ३१ व कथिलाचे ८ अणू या प्रमाणाची कठीण, पण ठिसूळ प्रावस्था निर्माण होते. अशा प्रावस्थांची रचना दर अणूमागील इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून असते, या विचारास ब्रिटिश धातुवैज्ञानिक विल्यम ह्यूम-रॉदरी यांनी १९२६ मध्ये चालना दिली. तांब्याचा १ व कथिलाचे ४ संयुजा इलेक्ट्रॉन धरल्यास येथे ३९ अणूंमागे ६३ इलेक्ट्रॉन, म्हणजे २१/१३ हे गुणोत्तर येते.

रूमी खानापाशी केवळ ओतकामाचा अनुभव होता. नळीची भिंत सु. ४० सेंमी. जाड ठेवण्यामागे ठिसूळपणाची भरपाई करण्याचा हेतू असावा. १८५४ मध्ये ही तोफ मोडीच्या भावाने लिलावात निघाली व १५० रुपयांस विकली गेली. ती विक्री नंतर रद्द करण्यात आली.