शाळा अंगणात आली

‘अंगणवाडी’ हा शब्द आज इतका रुळला आहे की तो कोणी घडवला असेल असे मनातही येत नाही. परसबाग, देवघर, माजघर या शब्दांसारखाच तोही पूर्वापार चालत आलेला असावा असे वाटते. वास्तविक त्याचे वय शंभर वर्षेसुद्धा नाही. समुद्रकाठच्या एका लहानशा गावी, शाळेत न येणाऱ्या मुलांचा विचार करता करता तो जन्माला आला. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी त्या जन्मकथेची आठवण करावी असे वाटले, याचे कारण ती कथा दोन स्त्रियांची आहे. आणि तिच्यातील प्रश्न आजही आपल्या आळीतील शाळेच्या दाराशी उभा आहे.

त्या दोघींपैकी वडील म्हणजे ताराबाई मोडक. जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. स्त्रियांमध्ये पदवीधर बोटांवर मोजण्याइतक्या होत्या अशा काळात, १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे संसारात दुःख वाट्याला आले, पतीपासून विभक्त व्हावे लागले. परंतु त्या खचल्या नाहीत. राजकोटला मुलींच्या शिक्षणसंस्थेत काम करीत असता भावनगरच्या एका प्रयोगाची वार्ता त्यांच्या कानी आली. गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली तेथे दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले होते. छडी नाही, धाक नाही, पाठांतराची घोकंपट्टी नाही. मुलाने आपल्या हाताने, आपल्या गतीने शिकावे, अशी तेथील रीत. तेथील बाळे गिजुभाईंना ‘मिशाळ आई’ म्हणत, यावरून त्या मंदिरातील वारा कसा होता ते कळते. ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मादाम माँटेसरींची पद्धत या देशाच्या मातीत कशी रुजवावी, याचा ध्यास या दोघांनी घेतला.

१९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. मुंबईतील मध्यमवर्गीय आईबाप आपली मुले कौतुकाने तेथे आणू लागले. नाव झाले, लौकिक झाला. एखादीने येथेच समाधान मानले असते. पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. शहरात ज्यांच्या घरी आधीच पुस्तके आहेत, त्यांच्याच मुलांना हे सारे मिळत होते. खेड्यातल्या आणि रानातल्या मुलाचे काय? वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले.

बोर्डी म्हणजे चिकूच्या वाड्यांचे, समुद्रकाठचे गाव. ते त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून त्यात मोडते. याच ठिकाणी दुसऱ्या भगिनीची गाठ पडते. अनुताई वाघ ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. जन्म १९१० सालचा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढचे सारे आयुष्य घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जायचे. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेसारख्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. पगाराची, मानाची नोकरी होती. ती सोडून त्या १९४५ साली ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. एकीने संसार मोडताना पाहिलेला, दुसरीला तो कळण्यापूर्वीच मिटलेला. समाजाने ज्यांना बाजूला ठेवले, त्यांनाच बाजूला राहिलेली मुले आधी दिसावीत, हे काही केवळ योगायोगाने झाले असे वाटत नाही.

बालवाडी सुरू झाली. दार सर्वांना उघडे होते. कोणालाही मज्जाव नव्हता. परंतु गावाच्या कडेला असलेल्या दलित वस्तीतील मुले येईनात. भगिनींनो, येथेच साधी संस्था आणि मोठी संस्था यांतला फरक कळतो. “आम्ही तर दार उघडे ठेवले आहे, त्यांना शिक्षणाची गोडीच नाही, त्याला आम्ही काय करणार?” असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. तसे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते, आजही आहेत. पण ज्या वस्तीला शतकानुशतके गावाच्या विहिरीवर, देवळात, चावडीवर ‘लांब राहा’ हेच ऐकावे लागले, तिने एका उघड्या दारावर विश्वास कसा टाकावा? दार उघडे असणे आणि ‘या, बसा’ म्हणणे यांत अंतर आहे. ताराबाईंनी ते ओळखले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच मुलांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतच, घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत बालवाडी भरू लागली. तीच अंगणवाडी.

या बदलाने काय साधले? घरापुढे शाळा भरू लागली म्हणजे आईला काम करता करता आपले मूल काय करते ते दिसते. मुलाला परके वाटत नाही. वेळ बाईंच्या सोयीने ठरत नाही, वस्तीच्या सोयीने ठरते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे उलटे होते. जी वस्ती आजवर दुसऱ्याच्या दारी संकोचाने उभी राहिली, तिच्या दारी शिकलेली बाई येऊन जमिनीवर बसते. मुलांचे नाक पुसणे, केस विंचरणे, नखे कापणे, हातपाय धुणे हाही तेथील अभ्यासच होता. ते कोणी उपकार म्हणून करीत नव्हते; घरची मोठी बहीण करते तसे केले जाई.

१९५७ साली केंद्राने बोर्डी सोडली आणि ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे वारली आदिवासींचे पाडे होते, आणि येथील अडचण अधिक खोल होती. या मुलखातील वारल्यांनी वेठबिगार भोगली होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबायचे, ही ‘लग्नगड्या’ची चाल सोसली होती. १९४५ सालीच गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. पाड्यावर येणारा स्वच्छ कपड्यातला माणूस म्हणजे सावकार, जंगलखात्याचा शिपाई नाहीतर पोलीस, हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. अशा घरचे मूल शाळेच्या बाईंना पाहून झाडामागे लपले, तर त्यात नवल ते काय? शाळेतली भाषा त्याच्या घरच्या बोलीहून निराळी, पुस्तकातली चित्रे त्याने कधी न पाहिलेल्या घरांची. शाळा त्याला आपली वाटावी असे तिच्यात काही नव्हते.

त्यात पोटाचा प्रश्न. सहासात वर्षांचा मुलगा गुरे राखायला जाई. ती त्याची मजुरी होती. सातआठ वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन दिवसभर फिरे. आई कामावर गेली की घरची आई तीच. शाळा अकराला भरते म्हणून ना गुरे थांबतात, ना पाळण्यातले मूल. पावसाळ्यात शेतीची कामे, त्यामागून गवतकापणी, मग कामाच्या शोधात सारे कुटुंबच बाहेरगावी. हजेरीपटावर ‘गैरहजर’ असा एकच शब्द लिहिला जातो. पण त्या एका शब्दाआड अशी निरनिराळी कारणे दडलेली असतात.

कोसबाडला या कारणांचा एकेक करून विचार झाला. गुराख्यांची पोरे शाळेत येत नाहीत ना, मग शाळा कुरणात गेली. गुरे चरत असता झाडाच्या सावलीत धडे चालू झाले. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. ज्यांना दिवसा मुळीच सवड नाही, त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. आणि कडेवर भावंड असलेल्या मुलीसाठी योजलेला उपाय तर फारच शहाणपणाचा होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभारली गेली. मुलगी भावंडासह यायची, तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. ‘भावंड घरी ठेवून ये’ असे सांगितले असते तर ती मुलगी कधीच आली नसती. ‘त्यालाही घेऊन ये’ म्हणताच तिघांची सोय झाली. बाळाला सांभाळणारी प्रत्येक स्त्री हे समजू शकेल. कागदावर योजना आखणाऱ्यांच्या लक्षात मात्र ते सहसा येत नाही.

शिकवण्याचे साहित्यही तेथलेच. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी चिंचोके, बिया, शिंपले, गारगोट्या, पाने, माती आली. हा काही केवळ काटकसरीचा भाग नव्हे. रानातली वस्तू शाळेत मानाने आली म्हणजे रानातल्या मुलालाही कळते की आपल्याकडे जे आहे ते टाकाऊ नाही. जो मुलगा संध्याकाळी सारी गुरे न चुकता मोजून घरी आणतो, त्याला ‘हिशोबात कच्चा’ म्हणण्यापूर्वी शिक्षकानेच विचार करायला हवा.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. अनुताईंनी त्यांच्यामागे काम चालू ठेवले आणि ते वाढवले; १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. सत्तेचाळीस वर्षे त्यांनी या एकाच मुलखाला दिली. मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव दिले. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या वस्तीत जन्मलेला मराठी शब्द काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेला. मात्र शब्द गेला तितका त्यामागचा विचार गेला का, हे तपासून पाहायला हवे. आहार वाटला, नोंदवही भरली की काम संपले, असे जेथे होते तेथे अंगणवाडीचे नाव राहते, पण अंगण हरवते. यात दोष सेविकांचा म्हणावा तर तोही न्याय नव्हे. तुटपुंज्या मानधनावर, अनेक कामांच्या ओझ्याखाली त्या राबतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

आता आपल्या घराजवळ येऊ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचे दार उघडले. खासगी शाळांतही पहिल्या प्रवेशाच्या वर्गात वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दार कायद्याने उघडता येते. पण ‘या, बसा’ असे कायदा म्हणू शकत नाही. ते म्हणायचे काम शिक्षकांचे, वर्गातल्या मुलांचे आणि बहुतांशी आपणा आयांचे आहे. शेजारच्या बांधकामावर राबणाऱ्या बाईचे मूल आपल्या मुलाच्या बाकावर बसते. मधल्या सुट्टीत त्याच्या डब्याकडे पाहून कोणी नाक मुरडते, वाढदिवसाला भारी भेटवस्तू वाटण्याची चढाओढ लागते, सहलीची वर्गणी परवडत नाही म्हणून ते त्या दिवशी घरी राहते. हे सारे आपल्याच घरात ठरते. आपल्या मुलांच्या कानांवर जेवताना जे शब्द पडतात, तेच दुसऱ्या दिवशी वर्गात उमटतात.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. या वर्षी आपल्यापैकी चारपाच जणींनी जवळच्या प्राथमिक शाळेत जावे आणि हजेरीपटावर वारंवार गैरहजर लागणाऱ्या मुलांची नावे शिक्षकांकडून समजून घ्यावीत. मग उपदेश न करता त्यांच्या घरी जावे, ओट्यावर बसावे आणि कारण विचारावे. कोणाकडे तान्हे भावंड असेल, कोणाला पायी येण्याचा रस्ता धोक्याचा असेल, कोणाला भाषा कळत नसेल, कोणाला वर्गात कोणी हिणवले असेल. वाढदिवसाला भेटी वाटायच्या नाहीत, असा ठराव तर आपल्या सभेत आजच करता येईल. सहलीसाठी मंडळाच्या शिलकेतून थोडी रक्कम शिक्षकांच्या हाती द्यावी. ती कोणत्या मुलासाठी वापरली, याची चौकशी कोणी करू नये. ही कामे फार मोठी नाहीत. ताराबाई आणि अनुताई बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांच्याही हाती याहून फारसे काही नव्हते.