माशाच्या तांबड्या पेशीतला ठिपका

बेडकाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जर्नलात त्याची आकृती काढलेली आठवतेय का? लंबगोल पेशी आणि मधोमध एक गडद ठिपका. माणसाच्या तांबड्या पेशीत मात्र तो ठिपका नसतो. एका आकृतीखाली ‘केंद्रक आहे’, दुसरीखाली ‘केंद्रक नाही’ असं लिहून आपण पान उलटलं. विज्ञानानंही बराच काळ जवळपास हेच केलं. त्या ठिपक्याची गोष्ट हॉलंडमधून सुरू होते, साल्मन माशापासून.

नकाशावर रॉटरडॅम शोधा. त्याला पूर्वेकडून लागून कापेल आन डेन आयसेल आहे. हॉलंडशे आयसेल नदी इथं नीवे मासला मिळते. ऱ्हाइनचं पाणी समुद्राकडे नेणाऱ्या वाटांपैकी ही एक. साल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत शिरतो. एकोणिसाव्या शतकात कापेलच्या अगदी शेजारी, क्रालिंगसेफेर इथं, अशा परतणाऱ्या साल्मनचा मोठा लिलाव चालायचा.

त्याच्याही फार आधी, इथून वीसेक किलोमीटरवरच्या डेल्फ्टमध्ये अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी स्वतः घासलेल्या भिंगांतून दिसेल ते पाहत होता. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या कणांचं वर्णन त्यानं 1674 साली केलं. पुढे माशांचं रक्त पाहिलं, तेव्हा कण लंबगोल निघाले आणि त्यांच्या मध्यभागी काहीतरी वेगळं दिसलं. 1719 सालच्या चित्रात साल्मनच्या रक्तपेशी त्या मधल्या ठिपक्यासकट आहेत. पेशीच्या केंद्रकाची ही सर्वांत जुनी चित्रं मानली जातात. ‘न्यूक्लियस’ हे नाव रॉबर्ट ब्राउननं 1831 मध्ये दिलं, आणि तेही वनस्पतींच्या पेशी पाहून. म्हणजे केंद्रक आधी दिसलं ते माशाच्या रक्तात. बारसं झालं शंभरावर वर्षांनी.

केंद्रकात असतं काय, या प्रश्नालाही साल्मनचा हात लागला. फ्रीडरिक मीशरनं 1869 मध्ये ट्यूबिंगेनला जखमांच्या पट्ट्यांवरचा पू गोळा केला. पू म्हणजे मुख्यतः पांढऱ्या रक्तपेशी. त्यांच्या केंद्रकांतून त्यानं ‘न्यूक्लिन’ वेगळं काढलं, ज्याला आपण आज डीएनए म्हणतो. पुढचं काम त्यानं बाझेलमध्ये ऱ्हाइनच्या साल्मनवर केलं. नराच्या शुक्रपेशीत केंद्रकाचा भाग भरपूर, इतर ऐवज कमी. न्यूक्लिन काढायला सोयीच्या. हॉलंडच्या जाळ्यांतून निसटून सुमारे 800 किलोमीटर वर चढलेले हे मासे नदीत काही खात नाहीत, स्वतःचे स्नायू झिजवून अंडी आणि शुक्र तयार करतात, हेही मीशरनंच दाखवलं.

विसाव्या शतकात ऱ्हाइनचा साल्मन संपला. बेसुमार मासेमारी, बंधारे आणि घाण पाणी यांनी मिळून त्याला संपवलं. त्याला परत आणायचे प्रयत्न सुरू आहेत, पण बाजारातला साल्मन आता नॉर्वेसारख्या देशांत समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढतो. आपल्या गोष्टीतला ठिपका पुन्हा महत्त्वाचा ठरला तो इथंच.

पिंजऱ्यात हजारो मासे एकत्र राहतात. एकाचा रोग दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. नॉर्वेच्या साल्मनपालनात 1987 साली सुमारे 48 टन प्रतिजैविकं वापरली गेली. मग जिवाणूंवरच्या चांगल्या लसी आल्या आणि हा वापर झपाट्यानं उतरला. विषाणूंचं दुखणं मात्र उरलं. 1999 मध्ये तिथं एक नवा रोग दिसला: माशाच्या हृदयाला आणि स्नायूंना दाह. 2010 मध्ये रोगट माशांत एक रिओव्हायरस सापडला, आणि 2014 मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी तो कुठं राहतो ते दाखवलं: तांबड्या रक्तपेशींत.

आता आकृती पुन्हा आठवा. विषाणूला वाढायला पेशीची यंत्रसामग्री लागते. माणसाची पक्व तांबडी पेशी केंद्रक टाकून देते, प्रथिनं बनवण्याचं सामानही टाकते; ती हिमोग्लोबिननं भरलेली पिशवीच उरते. तिथं विषाणूची डाळ शिजत नाही. साल्मनच्या पेशीत हे सामान शाबूत असतं, म्हणून विषाणू तिथं वाढतो. पण त्याच सामानामुळे पेशीला उलट वारही करता येतो. संसर्ग झालेल्या तांबड्या पेशी विषाणूविरोधी जनुकं चालू करतात, असं दिसून आलं. त्याआधी 2011 मध्ये, विषाणूच्या आरएनएसारखा पदार्थ दिल्यावर रेनबो ट्राउटच्या आणि कोंबडीच्या तांबड्या पेशी प्रतिसाद देतात, हेही प्रसिद्ध झालं होतं. ऑक्सिजन वाहणारी हमाल समजलेली पेशी पहाऱ्यावरही होती तर.

मग हे कळायला इतका उशीर का? रक्ताचं शास्त्र आपण मुख्यतः माणसावरून आणि उंदरावरून शिकलो. तांबडी पेशी ऑक्सिजनसाठी, पांढरी संरक्षणासाठी, ही वाटणी तिथं बरीचशी ठीक बसते. तीच माशांना लावली, तेव्हा केंद्रक हा जुनाट अवशेष वाटला. मासे तर रक्तपेशी मुख्यतः हाडांच्या मज्जेत बनवतही नाहीत; ते काम मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात चालतं. केंद्रक नसणं हीच सस्तन प्राण्यांची खासियत आहे. पक्षी, सरडे, बेडूक आणि जवळजवळ सगळे मासे केंद्रकवाल्या गटात आहेत. अपवादाला आपण नियम समजून बसलो होतो.

याचा आपल्याशी संबंध आहे. रायगडच्या खारजमिनीतल्या तळ्यांत जोपासला जाणारा जिताडा आता समुद्री पिंजऱ्यांतही वाढवला जातो. त्याचं बीज भारतात तयार करण्यात चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय संस्थेला 1997 मध्ये यश आलं. त्याच्याही तांबड्या पेशींत तो ठिपका आहे, आणि विषाणूजन्य रोग त्यालाही होतात. साल्मनचे निष्कर्ष जिताड्यावर जसेच्या तसे डकवता येणार नाहीत. मासा वेगळा, विषाणू वेगळे, पाणीही कितीतरी उबदार. पण आजारी जिताड्याचं रक्त तपासताना फक्त पांढऱ्या पेशींकडे पाहून थांबायचं नाही, एवढं तरी साल्मननं शिकवलं आहे.