सुधारणा आधी कुणाला दिसते? चिंतेवरच्या औषधांचा इतिहास

माझा विषय तत्त्वज्ञान. मी वैद्यकातला डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी कोणती गोळी किती घ्यावी हे आज मी सांगणार नाही. मला सांगायचा आहे तो एका औषधाचा इतिहास. त्याचं कारण थोडं खासगी आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मला धास्तीचे झटके येऊ लागले. छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता आपण जाणार असं वाटायचं. हृदयाच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. मग मानसोपचारतज्ज्ञांनी एक गोळी लिहून दिली. घरी येऊन माहितीचा कागद वाचला, तर ते अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरचं औषध! मी म्हटलं, मला नैराश्य कुठे आहे? मला तर भीती वाटते. त्यात पहिल्या आठवड्यात झोप उडाली, अस्वस्थता वाढली. दहाव्या दिवशी मी गोळी बंद करून टाकली. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही.

आयुष्यभर मुलांना ‘निष्कर्षाची घाई करू नका’ असं शिकवणाऱ्या माणसाने हे केलं, बरं का.

पण माझा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. नैराश्याचं औषध भीतीवर कसं आलं? त्यासाठी आपल्याला स्वित्झर्लंडमध्ये, बोडन सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगेन गावी जायला हवं. तिथल्या मनोरुग्णालयात रोलांड कून नावाचे डॉक्टर होते. बाझेलच्या गायगी कंपनीने त्यांच्याकडे एक पदार्थ तपासायला पाठवला होता. स्किझोफ्रेनियावर त्याचा उपयोग होईल अशी अपेक्षा होती, ती फोल ठरली. १९५६ मध्ये कून यांनी तो खोल नैराश्यात असलेल्या रुग्णांना दिला आणि फरक दिसला. १९५७ मध्ये त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. हेच इमिप्रामिन. आमच्या विषयाशी त्यांचं नातं असं, की जवळच्याच क्रॉइत्सलिंगेनच्या लुडविग बिन्सवांगर यांच्या अस्तित्ववादी मनोविचाराचा कून यांच्यावर मोठा प्रभाव होता. रुग्णाचं बोलणं, चालणं, चेहरा ते बारकाईने टिपत. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे इतिहासकारांनी त्या रुग्णालयाची कागदपत्रं तपासली, तेव्हा कित्येक पदार्थ रुग्णांची नीट संमती न घेताच तपासले गेल्याचं दिसून आलं.

आता न्यूयॉर्कला चला. क्वीन्स भागातलं हिलसाइड रुग्णालय, १९६०च्या आसपासचा काळ. तिथे डोनाल्ड क्लाइन आणि मॅक्स फिंक हे डॉक्टर या नव्या औषधाचा अभ्यास करत होते. वॉर्डात काही रुग्ण असे होते, की ते दिवसातून कितीतरी वेळा नर्सच्या टेबलाकडे धावत यायचे. ‘मी मरतोय, काहीतरी करा.’ नर्स हात धरून बसायची, थोड्या वेळाने झटका ओसरायचा, पुन्हा काही तासांनी तेच. त्यांच्यावर आधीच्या औषधांचा उपयोग झाला नव्हता. क्लाइननी इमिप्रामिन देऊन पाहिलं.

आणि झालं काय? काहीच नाही! आठवडे गेले. रुग्ण म्हणत, ‘आम्ही होतो तसेच आहोत.’ डॉक्टरांनाही तसंच वाटू लागलं. फरक दिसला तो वॉर्डात काम करणाऱ्या माणसांना. त्यांचं म्हणणं साधं होतं: अहो, हा हल्ली आमच्याकडे धावत येत नाही!

रुग्णाला विचारलं तर तो मान्य करायला तयार नाही. हे रुग्ण खोटं बोलत होते का? मुळीच नाही. क्लाइननी इथे नीट विचार केला. त्यांच्या लक्षात आलं, की झटका वेगळा आणि ‘झटका येईल’ ही धास्ती वेगळी. औषधाने झटके थांबवले होते, पण येण्याची धास्ती तशीच होती. त्यामुळे रुग्ण अजूनही एकटा बाहेर पडत नव्हता आणि त्याच्या दृष्टीने काहीच सुधारलं नव्हतं. ती धास्ती ओसरायला आणखी वेळ आणि धीर देणारी माणसं लागत. क्लाइन आणि फिंक यांचा निबंध १९६२ मध्ये आला. १९८० मध्ये अमेरिकन वर्गीकरणात ‘पॅनिक डिसऑर्डर’ हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला, त्यामागे या निरीक्षणाचा मोठा वाटा आहे.

याच काळात लोकांना मात्र दुसरीच सवय लागत होती. १९५५ मध्ये अमेरिकेत मिलटाउन आलं, १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम. आपल्याकडे तेच व्हॅलियम काम्पोज या नावाने घरोघरी पोहोचलं. गोळी घेतली की तासाभरात शांत. त्यांची सवय जडते हे नंतर नीट ध्यानात आलं, पण तोवर ‘गोळी म्हणजे लगेच गुण’ हे मनात पक्कं बसलं होतं. मीही त्याच पिढीतला.

मात्रेचा धडाही याच इतिहासातला. धास्तीचे झटके येणारी माणसं या औषधांच्या सुरुवातीच्या परिणामांना जास्त संवेदनशील असतात असं आढळलं. काहींना पहिल्या दिवसांत धडधड, बेचैनी, निद्रानाश होतो. म्हणजे जे बरं करायला गेलो, तेच वाढल्यासारखं वाटतं. म्हणून अशा रुग्णांना इमिप्रामिन १० मिलीग्रॅमसारख्या अगदी लहान मात्रेने सुरू करायची रीत पडली. पुढच्या पिढीच्या सर्ट्रालिनचंही तेच. पॅनिकसाठी पहिला आठवडा साधारण २५ मिलीग्रॅम, मग ५०. रक्तातलं औषध आणि मेंदूतल्या रसायनांवरचा त्याचा पहिला परिणाम काही तासांत सुरू होतो, पण मेंदूतल्या पेशी त्या बदलाशी जुळवून घेतात ते आठवड्यांच्या हिशेबाने.

माझी गोष्ट पुरी करतो. महिनाभराने मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, खाली मान घालून. ते रागावले नाहीत. या वेळी अर्धी गोळी, आठ दिवसांनी पूर्ण, आणि ‘सहा आठवडे निकाल लावायचा नाही’ ही अट. पाचव्या आठवड्यात मी पत्नीला म्हटलं, ‘काही उपयोग दिसत नाही.’ ती म्हणाली, ‘अहो, आठ दिवसांत बीपीचं मशीन कपाटातून काढलं नाहीत तुम्ही.’ आधी मी ते दिवसातून सहा वेळा काढत होतो. तरीही मी म्हटलं, ‘पण बँकेत एकटा जायची हिंमत कुठे होते?’ हिलसाइडची हकिकत मी नंतर वाचली, तेव्हा मला स्वतःचं हसू आलं.

आम्ही देकार्तपासून शिकवत आलो, की ज्याचं मन त्यालाच ते सर्वांत आधी आणि सर्वांत चांगलं कळतं. दुखतं तेव्हा ते खरंच आहे. पण दुखायचं थांबलं, हे मात्र आपल्याला उशिरा कळतं. न आलेल्या झटक्याची नोंद मन ठेवत नाही. म्हणून ती दुसऱ्या कुणीतरी ठेवावी, किंवा आपण वहीत ठेवावी. आज किती झटके आले, किती वेळ टिकले, एवढंच. पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही मात्रा ठरवायला ती वही उपयोगी पडते.

मात्र धीर म्हणजे गप्प सोसणं नव्हे. त्रास फार वाढला, जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. तरुण मुलांच्या बाबतीत तर अधिकच, अमेरिकेत २००४ पासून या औषधांवर तसा ठळक इशारा छापलेला असतो. सगळ्यांना पहिलीच गोळी लागू पडते असंही नाही, कधी औषध बदलावं लागतं. आणि मी केलं तसं एकाएकी बंद करू नये. बंद करतानाही मात्रा हळूहळू उतरवायची असते, तीही डॉक्टरांना विचारून.

तुमच्या घरात कुणी अशी गोळी नुकतीच सुरू केली असेल, तर ‘बरं वाटतंय का?’ असं रोज विचारू नका. बिचाऱ्याला उत्तर देता येणार नाही. त्यापेक्षा आठवडाभर लक्ष ठेवा, आणि काही दिसलं तर सांगा त्याला.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.