पिट्युटरी अर्बुद : शस्त्रक्रियापूर्व नेत्रतपासणी

पिट्युटरी अर्थात पोष ग्रंथीच्या वर, साधारण 1 सेंमी. अंतरावर, दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेतांची फुली असते. गाठ वर वाढली की फुलीत छेदणारे तंतू दाबले जातात आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरची, म्हणजे कानशिलांकडची बाजू दिसेनाशी होते. बहुधा वरच्या भागापासून. समोरचा तक्ता मात्र रुग्ण अनेकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकतो, त्यामुळे नुसता चष्म्याचा नंबर काढून हा दोष हाती लागत नाही. दारांच्या चौकटींना खांदा लागू लागला, अशी तक्रार अधिक बोलकी.

म्हणून दृष्टिक्षेत्राचा आलेख ही मुख्य तपासणी. एक डोळा झाकून रुग्ण मधल्या बिंदूवर नजर रोखतो आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबतो. थकलेला रुग्ण चुकतो. शंका असल्यास आलेख पुन्हा काढावा. जोडीला रंगदृष्टी, बाहुल्यांची प्रतिक्रिया, डोळ्यांच्या हालचाली व नेत्रतळ पाहतात. ओसीटी या प्रतिमाचाचणीत दृष्टिपटलावरील चेतातंतूंचा थर शाबूत आढळल्यास शस्त्रक्रियेनंतर नजर सुधारण्याची शक्यता अधिक असते. दृष्टिक्षेत्राचा हाच आलेख पुढे तुलनेसाठी वापरतात. गाठीत अचानक रक्तस्राव होऊन नजर झपाट्याने ढासळत असेल, तर सविस्तर तपासण्यांसाठी शस्त्रक्रिया खोळंबून ठेवत नाहीत.