तैवानची पंगत : भोजनमंदिरापासून हातांतल्या पुडक्यापर्यंत

राजा बदलला म्हणजे प्रथम नाण्यावरचा छाप बदलतो, मग शाळेंतलीं पुस्तकें बदलतात. परंतु सामान्य माणसाच्या पानांत काय पडावें, हें कांहीं राजाच्या हुकुमानें ठरत नाहीं, अशी एक समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हें पाहावयाचें असेल तर तैवान बेटाचा इतिहास चाळावा. गेल्या चारशें वर्षांत या बेटानें अनेक धनी पाहिले. प्रत्येक धन्यानें मेजवानीच्या दिवाणखान्यांत आपली रुचि आणून बसविली. आणि प्रत्येक वेळीं देवळासमोरच्या चुलीवर जुनीच रुचि शिजत राहिली. श्रीमंतांचें भोजनमंदिर आणि गरिबांची हातगाडी यांमधील अंतर कसें वाढलें व कसें कमी झालें, यांतच त्या बेटाचा इतिहास पुष्कळसा सांठविलेला आहे.

भारतीयांना हें बेट दोन जुन्या नांवांनीं परिचित आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज खलाशांनीं त्याला ‘इल्हा फोर्मोसा’, म्हणजे सुंदर बेट, असें म्हटलें. गोव्यावर राज्य करणाऱ्या त्याच लोकांचा हा शब्द. दुसरें नांव तैहोकू. तैपेई शहराचें हें जपानी अमदानींतील नांव १८ ऑगस्ट १९४५ च्या विमान-अपघाताच्या वार्तेबरोबर, नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या संबंधानें, भारतांत घरोघर पोंचलें. त्या नगरींतील लोक काय खात व कोठें खात, याची वार्ता मात्र क्वचितच इकडे आली.

बेटाचे मूळ रहिवासी निराळ्या वंशाचे व निराळ्या भाषा बोलणारे. १६२४ पासून १६६२ पर्यंत डचांनीं येथें ठाणें घातलें; पुढें १६८४ सालीं चीनच्या मांचू बादशाहीनें बेट आपल्या फूच्येन प्रांतास जोडलें. समुद्रापलीकडून फूच्येन व क्वांगतुंग प्रांतांतील शेतकरी आले ते आपल्या देवता बरोबर घेऊनच. गांव वसलें कीं देऊळ उभें राही, आणि देवळाच्या पटांगणांत खाद्यपदार्थ विकणारे जमत. जत्रा म्हटली कीं फराळाचीं दुकानें आलींच, हें महाराष्ट्रास नवें नाहीं. तैवानमध्यें ही जत्रा वर्षांतून एकदां न भरतां रोज रात्रीं भरूं लागली, एवढाच भेद. कीलुंग बंदरांतील त्येनची देवळाभोंवतींचा आणि तैपेईच्या शीलिन भागांतील त्सशेन देवळापाशींचा, असे रात्रीचे बाजार यांतूनच वाढले. कालवांचें धिरडें, मांसाचा बारीक खिमा घातलेला भात, आणि ज्याचा दर्प गल्लीच्या तोंडाशींच येतो असें आंबवून तळलेलें सोयाबीनचें पनीर, ही तेथली मिजास.

दक्षिणेकडील ताइनान शहरांतील शेवयांची कथा या दृष्टीनें बोलकी आहे. वावटळींच्या महिन्यांत समुद्र खवळलेला असे व कोळ्यांच्या होड्या कांठास लागलेल्या असत. या ओढग्रस्तीच्या दिवसांना तेथें ‘लहान महिने’ म्हणत. हुंग यूथौ नांवाच्या एका कोळ्यानें हे महिने निभावून नेण्यासाठीं खांद्यावर कावड घेतली. एका बाजूस चूल, दुसऱ्या बाजूस भांडीं. कोळंबीच्या रश्शांत शेवया, वर खिमा व एखादी कोळंबी, अशी लहानशी वाटी तो विकूं लागला. त्याच्या दुकानाची परंपरा १८९५ पासून सांगतात, आणि दुकानाचें नांवच ‘लहान महिने काढणें’ या अर्थाचें आहे. पोटाची खळगी कशीबशी भरण्याची ती युक्ति आज त्या शहराचें भूषण होऊन बसली आहे.

तेंच १८९५ सालचें वर्ष बेटाच्या इतिहासांत निराळ्या कारणानें कोरलेलें आहे. शिमोनोसेकीच्या तहानें चीननें तैवान जपानच्या स्वाधीन केलें. त्या वेळीं तैपेईची व्यापारी पेठ म्हणजे तातावचंग. १८६९ सालीं जॉन डॉड या इंग्रज व्यापाऱ्यानें तैवानचा उलुंग चहा थेट न्यूयॉर्कला धाडला, तेव्हांपासून या पेठेंत पैसा खेळूं लागला होता. पैशाबरोबर मोठमोठीं भोजनमंदिरें आलीं. त्यांतील अग्रगण्य म्हणजे वू च्यांगशान या गृहस्थानें १९२१ सालीं उभारलेलें चार मजली ‘च्यांगशानलौ’. तेथें गायन होई, कवितांच्या मैफली झडत, आणि व्यापाऱ्यांचे सौदे व पुढाऱ्यांच्या मसलती एकाच छपराखालीं चालत. १९२७ सालीं ‘फंगलायको’ हें दुसरें भोजनमंदिर त्याच्या स्पर्धेंत उभें राहिलें.

१९२३ च्या एप्रिल महिन्यांत जपानचे युवराज हिरोहितो तैवानच्या दौऱ्यावर आले, तेव्हां त्यांच्या पुढें ‘तैवानी पाक’ म्हणून जी मेजवानी मांडली गेली, ती सिद्ध करण्याचें काम च्यांगशानलौच्या आचाऱ्यांकडे होतें. पक्ष्यांच्या घरट्यांचें सूप, शार्क माशाचे पर असे महागडे जिन्नस तींत होते. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ‘तैवानी पाक’ हें नांव जपान्यांनीं रूढ केलें, आणि त्या नांवाखालीं जे पदार्थ वाढले गेले ते बहुतांशीं चीनच्या निरनिराळ्या प्रांतांच्या श्रीमंती स्वयंपाकांतून घेतलेले होते. बेटावरील शेतकऱ्यानें ते जन्मांत चाखले नसतील. राज्यकर्त्यांनीं प्रजेच्या अन्नाला नांव दिलें. पण प्रजेचें अन्न मात्र त्या ताटांत नव्हतें.

प्रजेचें अन्न होतें रताळें. जपान्यांच्या रुचीस उतरेल असा तांदूळ इसो एइकिची आदि कृषितज्ज्ञांनीं बेटावर पिकविला. १९२६ सालीं त्याला ‘होराइ’ तांदूळ असें समारंभपूर्वक नांव देण्यांत आलें. होराइ म्हणजे पुराणांतील अमरांचें बेट. हा तांदूळ जहाजें भरभरून जपानला जाई, आणि तो पिकविणारीं कित्येक कुटुंबें पेजेंत तांदळापेक्षां रताळ्याच्या फोडीच अधिक घालीत. बेटावरील भातशेतीचा एक धागा पुढें भारतापर्यंतहि आला. ‘तायचुंग नेटिव्ह-१’ हें तेथील बुटक्या भाताचें बियाणें १९६० नंतरच्या दशकांत भारतांत आणलें गेलें, आणि त्याच्या संकरांतून १९६८ सालीं निघालेली ‘जया’ ही जात गोव्याच्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहे.

जपानी अमदानीची दुसरी देणगी म्हणजे डबा. १९०८ सालीं उत्तरेच्या कीलुंगपासून दक्षिणेच्या काओश्युंगपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला, आणि फलाटावर भाताचे डबे विकण्याची जपानी पद्धति बेटावर रुजली. थंड भाताचा जपानी डबा तैवानी जिभेला मानवला नाहीं. तिनें भात गरम करून घेतला आणि त्यावर डुकराच्या मांसाची तळलेली फोड व उकडलेलें अंडें ठेवलें. डब्याचें नांव जपानी राहिलें, आंतला ऐवज तैवानी झाला. बाहेरचें अन्न विकत घेऊन आपल्या सोयीनें खावें, ही संवय तेथील लोकांना रेल्वेनें फार लवकर लावली.

१९४५ सालीं जपानी गेले व चीनचें राष्ट्रीय सरकार आलें. आनंदाचा भर फार दिवस टिकला नाहीं. २७ फेब्रुवारी १९४७ च्या सायंकाळीं त्याच तातावचंग पेठेंत, ‘थ्येनमा’ नांवाच्या चहागृहासमोर, बेकायदा सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेला सरकारी मक्तेदारी खात्याच्या माणसांनीं पकडलें, तिचा माल व पैसे काढून घेतले आणि बंदुकीच्या दस्त्यानें तिचें डोकें फोडलें. जमलेल्या गर्दीवर गोळी झाडली गेली व एक मनुष्य मेला. दुसऱ्या दिवशीं सारें शहर उठलें. मार्चमध्यें चीनमधून आलेल्या सैन्यानें तो उठाव इतक्या निर्दयपणें दडपला कीं हजारों माणसें प्राणांस मुकलीं. जेथें चहाचे पेले घेत शहरांतील सुशिक्षित माणसें चित्रपट-नाटकांच्या गप्पा मारीत, त्या दाराशीं या शोकपर्वाचा आरंभ झाला. पुढें कित्येक वर्षें त्या दिवसाचें नांवहि उघडपणें घेणें धोक्याचें होतें.

१९४९ सालीं चीनमधील यादवी युद्धांत पराभव पावून राष्ट्रीय सरकार बेटावर आलें, आणि त्याच्यामागून दहा लाखांहून अधिक माणसें. सेनापति आले, त्यांचे आचारी आले, आणि आठवणींखेरीज जवळ कांहींच नसलेले शिपाईहि आले. लष्करी कायदा १९८७ पर्यंत टिकला. या काळांत उंची भोजनगृहें शांघाय, स्सछ्वान व हूनान प्रांतांच्या नांवानें चालत. बेटावरची भाषा शाळेंत बोलणाऱ्या मुलास शिक्षा होई, आणि बेटावरचें अन्न गांवढळ ठरे. हूनानी आचारी फंग चांगक्वै यांनीं १९५० नंतरच्या दशकांत तैपेईंत ‘सेनापति त्सो यांची कोंबडी’ हा पदार्थ योजला. १९७३ सालीं त्यांनीं न्यूयॉर्कला भोजनगृह काढलें, आणि अमेरिकेंत तो पदार्थ चिनी पाकाचें प्रतीकच ठरला. खुद्द हूनान प्रांताला मात्र त्याची ओळख नव्हती. हरवलेल्या गांवाची आठवण परक्या चुलीवर शिजवली म्हणजे कधीं कधीं असा अगदीं नवाच पदार्थ जन्मास येतो.

गोमांसाच्या रश्शांतील शेवया हेंहि त्याच विस्थापनाचें अपत्य. नांगराचा बैल खाऊं नये, असें तैवानचा जुना शेतकरी मानी. परंतु अमेरिकेच्या मदतीबरोबर स्वस्त गहूं आला, नोकरींतून सुटलेल्या शिपायांना पोटाला उद्योग हवा होता, आणि दक्षिणेच्या काङ्शान गांवीं विमानदळाच्या वस्तींत स्सछ्वानी धर्तीची तिखट डाळीची चटणी तयार होत होती. या तिहींच्या मिलाफांतून तो पदार्थ निपजला, असा कयास इतिहासकार लू याओतुंग यांनीं मांडला. २००५ पासून तैपेई नगरपालिकेनें या शेवयांचा उत्सव भरविण्यास आरंभ केला.

शान्सी प्रांतांतून १९४८ सालीं आलेल्या यांग पिंगयी यांची कथा तर एखाद्या कादंबरींत शोभावी. १९५८ सालीं त्यांनीं ‘तिंग ताय फुंग’ या नांवानें खाद्यतेलाचें दुकान काढलें. डब्यांत बंद केलेलें तेल बाजारांत आलें व सुटें तेल विकणें कठीण झालें. तेव्हां १९७२ च्या सुमारास अर्ध्या दुकानांत त्यांनीं वाफवलेले पुडके विकावयास प्रारंभ केला. उकडीच्या मोदकाला पाडाव्यात तशा अठरा चुण्या, आणि आंत मांसाबरोबर गरम रस. १९९६ सालीं या दुकानाची शाखा तोक्योस निघाली, व पुढें अनेक देशांत पसरली. तिच्या हाँगकाँगमधील शाखेस फ्रान्सच्या मिशेलिन मार्गदर्शिकेची तारकाहि मिळाली. तेलविक्यानें धंदा सांवरण्यासाठीं केलेली ही तडजोड.

याच काळांत मूळ बेटकरांची रुचि कोठें होती? ती मांडवांत होती. लग्न असो वा देवाचा उत्सव, रस्त्यावरच मांडव घालून, भाड्याच्या मेजांवर दहा दहा माणसें बसवून जेवण घालण्याची तेथील चाल आहे. मुख्य आचारी आपलीं माणसें व कढया घेऊन येतो व उघड्यावर चुली पेटवितो. पंगत उठल्यावर उरलेलें अन्न टाकीत नाहींत. तें एकत्र करून पिशव्यांतून घरोघर वांटतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः उकळलेल्या त्या मिश्र रश्श्याची चव मूळ पंगतीहूनहि सरस, असें जुनीं माणसें सांगतात.

१९६४ सालीं तैपेईंत ‘छिंगये’ नांवाचें भोजनगृह निघालें, तेथें रताळ्याची पेज व घरगुती तोंडीलावणीं मिळूं लागलीं. ज्या पेजेची एके काळीं लाज वाटे, ती पैसे मोजून खाण्यास लोक येऊं लागले. तरीहि सरकारी मेजवानीच्या ताटापर्यंत पोंचण्यास त्या अन्नास आणखी छत्तीस वर्षें लागलीं. २० मे २००० रोजीं अध्यक्ष छन श्वेप्यान यांच्या अधिकारग्रहणाच्या मेजवानींत ताइनानच्या माशाच्या गोळ्यांचें सूप आणि वाटींत उकडलेली तांदळाची खांडवी वाढली गेली. हे रस्त्यावरचे पदार्थ. १९२३ सालच्या ताटांत जें नव्हतें, तें आतां पाहुण्यांपुढें आलें.

अशा ताटाचा अभिमान किती हळवा असतो, हें २०११ सालीं दिसलें. मिशेलिनच्या एका मार्गदर्शिकेनें खिमा-भात हा पदार्थ चीनच्या शांतुंग प्रांतांतून आला असें छापलें. चूक एका अक्षराची होती. दुकानांच्या पाट्यांवर सोयीसाठीं लिहिलें जाणारें चिन्ह त्या प्रांताचेंहि निदर्शक आहे. तैपेईच्या महापौरांनीं प्रतिवाद केला तो पत्रकानें नव्हे, तर हजार वाट्या खिमा-भात फुकट वांटून. २०१८ पासून ती मार्गदर्शिका तैपेईसाठीं स्वतंत्र निघूं लागली. पहिल्या वर्षीं तीन तारका मिळविणारें एकमेव भोजनगृह होतें क्वांगतुंगी पाकाचें. तैवानी जिनसांवर आपली कला उभारणाऱ्या ‘तैर्वार’ या भोजनगृहास तो मान २०२३ सालीं मिळाला.

परंतु जगानें तैवान ओळखला तो तारकांमुळें नव्हे, तर एका पेल्यामुळें. गार दुधाळ चहांत साबुदाण्याच्या पिठाचे काळसर गोळे सोडावयाचे, ही कल्पना १९८० नंतरच्या दशकांत निघाली. तायचुंगचें एक चहागृह व ताइनानचें दुसरें, दोघेहि जनकत्वाचा हक्क सांगत न्यायालयांत भांडले. अखेर २०१९ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, हें पेय कोणालाहि करतां येतें, जनक ठरविण्याचें कारण नाहीं.

तैवानच्या दुकानांत पाऊल टाकतांच गिऱ्हाइकास एक प्रश्न केला जातो : येथें खाणार, कीं नेणार? २०२१ च्या उन्हाळ्यांत कोविडच्या साथीमुळें सरकारनें पहिला पर्यायच कांहीं आठवडे बंद केला. तेव्हां उंची हॉटेलांनींहि आपलें अन्न डब्यांत भरून विकलें. रेल्वेच्या फलाटावर जन्मलेला तो डबा मोठमोठ्या आचाऱ्यांच्या हातांत आला, आणि कावडीवरच्या शेवयांना व दिवाणखान्यांतील पक्वान्नांना कांहीं काळ एकाच पुडक्यांतून एकाच रस्त्यानें घरीं जावें लागलें. साथ ओसरली, मेजें पुनः मांडलीं गेलीं. आणि देवळांसमोरील चुली पूर्वीप्रमाणेंच रात्रीं पेटूं लागल्या.